खोकल्याच्या जागा

अमरावती,
९ जुलै २०१७

ती. सौ. रागिणीताईस,
अमोलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट बुधवारी मिळालं. मेमरी कार्ड शाबूत आहे. पण चिकटपट्टी कार्डाच्या सोनेरी बाजूला लावत जाऊ नकोस. आधी कोऱ्या कागदात घडी कर आणि पट्टी कागदावर लाव. तुमच्या गावात नेट इतकं मंद आहे की एवढी मोठी फाइल आठवडाभर सरकणार नाही, म्हणून आपली रीत हीच ठेवू. तुम्ही दोघांनी बोलून कार्ड पोस्टानं पाठवायचं. मी आवाज कॉम्प्युटरवर उतरवून, साफ करून, इंटरनेटवर चढवायचा आणि कार्ड पुसून पुढच्या पत्रात परत करायचं. शाकीबभाईंनी लग्नसराई संपल्यामुळे लग्नाच्या शूटिंगच्या दुकानातला कॉम्प्युटर दुपारी वापरायला दिला आहे. ते म्हणाले की, दहावी नापास माणसाच्या हातून इतकं नीट काम मी पाहिलं नाही. ही तारीफ आहे की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

“कापसाच्या खोलीतून” या तुमच्या कार्यक्रमाचा पहिला भाग चढवला. भाऊजींनी अकोल्याच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या त्या विलायती गाण्यांच्या कॅसेटींबद्दलचं बोलणं मी चार वेळा ऐकलं. ओठाला लाली, डोळ्यात काजळ, पोपटी विजारी घालून कर्कश गाणारे ते गोरे ग्लॅम मेटलवाले म्हणजे आपल्या दंडारीत बाई होऊन नाचणारे नाचेच, फक्त त्यांच्या पेट्रोमॅक्सला वायर जोडली आहे, असं भाऊजी म्हणतात तिथं शाकीबभाई खुर्चीवरून पडायचे राहिले. भाव येईल म्हणून तुम्ही ठेवलेल्या कापसाचा एवढा तरी फायदा झाला. खोलीत आवाज अजिबात घुमत नाही.

भाऊजी नऊ वेळा खोकलले आहेत. नऊही काढले. सांधा कुठं आहे ते तुलाही सापडणार नाही. वहीत वेळेसकट नोंद ठेवली आहे.

मामींना, म्हणजे तुझ्या सासूबाईंना, नमस्कार. लोभ आहेच, तो पावसासारखा ओढ न देवो.
तुझा भाऊ,
अमोल

*

मु. पो. बाळापूरजवळ,
२३ ऑगस्ट २०१७

चि. अमोल यास,
रागिणीचे अनेक आशीर्वाद.

पोळा परवा झाला. हे म्हणाले की, अमोलले लिहून टाक, आपल्या ढवळ्याची झूल आन् शिंगाचा बेगड पाहिला असता तर ते पोपटी विजारवाले लाजून घरी गेले असते. मग स्वतःच बैलापुढं उभे राहून त्यांच्यासारखे किंचाळले. बैल सोडा, सासूबाईंनी पुरणाची पोळी फेकून मारली.

उभ्यानं विनोद सांगणाऱ्यांवरचा दुसरा भाग गावातल्या पोरांनी मोबाइलवर ऐकला. यांचं जानराव हे नाव आजाचं असल्यामुळे पहिलीपासून मास्तर आपल्याला अहो-जाहो करत होते, हे ऐकून तर सगळे त्यांना रस्त्यात रामराम घालून राहिले. मुंबईचे पोट्टे घंटाभर उभे राहून बोलतात तर त्याचं तिकीट निघते, मी सालभर वखरामागं उभा राहून बोलतो तर बैलही मान फिरवत नाही, असं ते आता जो भेटेल त्याला ऐकवतात.

या कार्डात माझा विषय आहे. बाळापूरच्या वाचनालयातून आणलेली प्रेमकादंबरी मी वाचते आणि हे मधे मधे भांडतात. त्यांचं म्हणणं, कादंबरीतल्या नायकाला सर्दी कशी होत नाही, त्याच्या टाचेला भेगा कशा नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच वाचते.

सध्या फवारणी चालू आहे. यंदा कपाशी डोक्याच्या वर गेली, त्यामुळे पंपाचं पाणी तोंडावरच येतं. माझी ओढणी नाकाला बांधतात आणि आरशात पाहून म्हणतात की, आता फक्त काजळ पाहिजे. खोकला आहे. दवाखान्यात चला म्हटलं तर फवारा होऊ दे म्हणतात.

तू जेवणाकडं लक्ष दे. तुझ्या प्रत्येक पत्रात कार्डाची तब्येत असते, तुझी नसते.
ताईवरची माया अशीच राहू दे.
रागिणी

*

अमरावती,
१० सप्टेंबर २०१७

ती. सौ. रागिणीताईस,
अमोलचा शि. सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. कादंबरीचा भाग चढवला. दोनशे अकरा जणांनी ऐकला. वरूडच्या एका बाईंनी लिहिलं आहे की, संत्र्याच्या पेट्या भरताना आम्ही सगळ्या मिळून ऐकतो आणि जानरावांना सांगा, नायकाच्या टाचेला भेगा असत्या तर आम्ही पुस्तक मिटलं असतं.

एक विनंती आहे, राग मानू नये. या वेळी मला खूप कापावं लागलं. पहिल्या भागात नऊ, दुसऱ्यात चौदा, या भागात एकतीस खोकले निघाले. काही ठिकाणी खोकल्याला लागूनच भाऊजी बोलतात किंवा तू हसतेस. मग तेही जातं, त्याला इलाज नाही. भाऊजींना सांग की, खोकला आला तर तोंड बाजूला करावं, किंवा वाक्य संपेपर्यंत दाबून धरावा. लोकांना स्वच्छ आवाजाची सवय असते. त्यांनी अर्ध्यातून सोडलं तर आपली मेहनत वाया जाईल, या विचारानं मला फार धास्ती वाटते.

पुसलेलं कार्ड सोबत आहे. पट्टी कागदावरच लावली आहे. जेवण वेळेवर आहे.
मायेत अंतर पडू नये ही विनंती.
अमोल

*

मु. पो. बाळापूरजवळ,
१ नोव्हेंबर २०१७

चि. अमोल यास,
आशीर्वाद.

तू यांची तेरवी करून गेलास, त्याला पंधरा दिवस झाले. घरात दोनच माणसं उरली. सासूबाईंना नीट दिसत नाही हे तुला ठाऊक आहे. त्यांना मी रोज फोनवर आपले भाग लावून देते. काल त्यांनी मधेच बंद करायला लावलं. म्हणाल्या की, हा माहा जानराव नोहे. माहा पोरगा बोलता बोलता थांबे, खाकरे, मले हाक मारे. हा तर रेडिओवानी बोलून राहिला, घडीभर दम घेत नाही.

मी भांडले नाही. मलाही ते कळत होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की, फवाऱ्याचं विष छातीत आधीपासून साचत होतं, फवारणीचे शेवटचे दोन दिवस फक्त निमित्त झाले. ते माझ्या डोक्यातून जात नाही. पण आज लिहिण्याचं कारण दुसरं आहे. कादंबरीच्या भागात एक ठिकाण होतं. हे खूप खोकलले आणि मग काहीतरी बोलले, मी हसले आणि त्यांच्या पाठीवर चापट मारली. चापट माझ्या हाताला आठवते. शब्द आठवत नाहीत. तीन दिवस झाले, मी तेच आठवत बसते. तू चढवलेल्या भागात ते नाही.

यांचं कापलेलं बोलणं कुठं उरलं आहे का, असं तेरवीच्या दिवशी मी तुला विचारलं होतं आणि तू म्हणालास की, कार्डं पुसली, काही उरलं नाही. तू खाली पाहत होतास. पुन्हा एकदा शोधशील का?

रागिणी

*

अमरावती,
१२ नोव्हेंबर २०१७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वरचा मायना लिहिताना सवयीनं ‘सौ.’ लिहिलं गेलं, म्हणून हा तिसरा कागद आहे.

ताई, मी तेरवीला खोटं बोललो. कार्डं पुसली हे खरं आहे. पण काही उरलं नाही हे खरं नाही. चुकून एखादा चांगला शब्द कापला गेला तर परत जोडता यावा, या भीतीनं मी कापलेला प्रत्येक तुकडा वेगळा जमा करत होतो. त्या फोल्डरला मी ‘कचरा’ नाव दिलं होतं. चार भागांची मिळून सव्वीस मिनिटं आहेत.

ते तुला द्यायचं म्हणजे वहीही दाखवावी लागणार, म्हणून मी बोललो नाही. वहीत आकडे आहेत. नऊ, चौदा, एकतीस. आणि सप्टेंबरअखेर आलेला शेवटचा भाग, जो मी चढवलाच नाही, त्यात बावन्न. जगात हा हिशेब एकट्या माझ्याकडे होता. खोकला दर महिन्याला वाढतो आहे, हे डॉक्टरच्याही आधी मला दिसत होतं. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ असते, त्यात खोकल्याची जागा काट्यासारखी वर येते. मी काटे मोजले आणि उपटले. हा माणूस आजारी आहे, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. सांधा नीट बसला की मला समाधान वाटायचं.

आणखी एक सांगितलं पाहिजे. शेवटच्या भागात तू पाणी आणू का विचारतेस. भाऊजी म्हणतात की, राहू दे, दाबून धरतो, नाही तर अमोलले लय कापा लागते. त्यानंतर ते बराच वेळ गप्प आहेत. तो गप्प वेळही मी कापला होता.

सगळं या कार्डावर उतरवलं आहे. जसं होतं तसं, एकही जागा साफ केलेली नाही. तुला हवी ती जागा अकराव्या मिनिटाला आहे. मी ती ऐकली. ती तुझी आहे, म्हणून इथं लिहीत नाही.

तू मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन. पण मामींच्या डोळ्यांचं औषध संपलं असेल तर ते तरी कळव.

अमोल

*

मु. पो. बाळापूरजवळ,
२४ डिसेंबर २०१७

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

महिनाभर लिहिलं नाही. लिहायचं नव्हतं. तुझं पत्र चुलीजवळ नेलं होतं, मग आणून पुन्हा डब्यात ठेवलं.

तुझी चूक नाही, असं मी लिहावं म्हणून तू थांबला असशील. ते मला लिहिता येत नाही. तू मोजत होतास आणि मी तर मांडीला मांडी लावून बसले होते. त्यांच्या पाठीचं हलणं मला लागत होतं. फवारा होऊ दे म्हणाले, मी होऊ दिला. तुला माफ करायचं तर आधी मला करावं लागेल, आणि ते अजून जमत नाही. जमेल तेव्हा दोघांचं एकदम करीन.

कापूस मागच्या आठवड्यात गेला. खोली रिकामी आहे. आता तिथं बोललं तर घुमते. सासूबाईंना तिथंच खाट टाकून दिली आणि कार्ड लावलं. पहिल्या खोकल्याला त्या उठून बसल्या. मग मला म्हणाल्या की, कावून उभी आहेस, बस, जानराव आला. सव्वीस मिनिटं त्या मान हलवत ऐकत होत्या, कीर्तन ऐकावं तशा. आता रोज सकाळी चहाबरोबर त्यांना तेच लागतं. त्यांच्या डोळ्यांचं औषध आहे, काळजी करू नकोस.

अकरावं मिनिट मी एकटीनं ऐकलं. तू ऐकलंस, तरी मी लिहिते, म्हणजे कागदावर राहील. ते म्हणाले होते की, कादंबरीत नायक एकदा खोकलला की पुढच्या पानावर मरतेच, म्हणून तुले सांगून ठेवतो, मी खोकललो की पान उलटू नको.

त्यावर मी हसले आहे, अमोल. खूप मोठ्यानं हसले आहे.

पाकिटात कार्ड शोधू नकोस. या वेळी ते परत करत नाही. बाळापूरच्या वाचनालयातून कादंबरीसाठी दोनदा निरोप आला. पुढच्या वेळी येशील तेव्हा तिथं जाऊन सांग की, ताईचं वाचून झालेलं नाही. कादंबरी अजून त्याच पानावर उघडी आहे.

संक्रांतीला ये. तोवर जेवत जा.
तुझी ताई,
रागिणी