हॉटेलात न चाललेली जीन्स

टेमघर, भिवंडी

तीर्थरूप कमळाताईस,
रामनाथचा साष्टांग नमस्कार.

आधी एक गंभीर तक्रार. आयुष्यात पहिल्यांदा जीन्स घातली आणि तिच्या पितळी बटणाने पोटावर कायमचा शिक्का उमटवला. जीन्स हा शब्द ‘जीर्ण’वरून आला असावा, मी काम करतो त्या दापोड्याच्या कपड्यांच्या गोदामात फाटलेलीच महाग असते.

रविवारी पूर्वाच्या होणाऱ्या सासरच्यांनी ठाण्याच्या एका बड्या हॉटेलात जेवायला बोलावलं. पूर्वा म्हणाली, “बाबा, धोतर नको हं. तिथे जीन्स घाला, प्लीज.” घातली. दारवानाने हात आडवा केला.

“काका, जीन्स अलाउड नाही.”

“मग काय चालतं?”

“पारंपरिक सगळं. धोतरसुद्धा.”

ताई, शास्त्र माझ्या बाजूने होतं आणि धोतर इथे दोरीवर वाळत होतं!

पूर्वा एकटी आत गेली. मी समोर वडापाव खाल्ला. गरम होता, काळजी नसावी. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

आत तिने सांगितलं की बाबांना बरं नाही; हे बाहेर आल्यावर तीच म्हणाली. परतताना मी म्हटलं, “पुढच्या वेळी धोतरच नेसतो.” ती मोबाइलमध्ये बघत राहिली.

तिची आई गेल्यावर तूच तिला वाढवलंस, म्हणून तुला सांगतो. दारवानाने मला अडवलं तेव्हा तिला हायसं वाटलेलं मी पाहिलं. तिला माझी लाज वाटते, ताई. लग्नात मी नसलो तरी तिला चालेल, अशी मला भीती वाटते.

तुझा धाकटा,
रामनाथ