नसीमची जोडीदार

कसबा पेठ, पुणे
जानेवारी १९८४

प्रिय हेमा,

तुझं घर आमच्यापासून पाच-सात मिनिटांवर, आणि मी तुला पोस्टाने पत्र पाठवतो आहे, याचं तुला हसू येईल. काल आणि परवा, दोन्ही संध्याकाळी मी शनिवार पेठेत तुमच्या भांड्यांच्या दुकानाशी आलो होतो. परवा गर्दी होती म्हणून परत फिरलो. काल तुझे बाबा एकटेच पितळी डबे पुसत बसले होते. म्हणाले, "या मैनुद्दीनसाहेब. आज माइकशिवाय?" मी एक झारा विकत घेतला आणि घरी आलो. घरात तीन झारे असताना चौथा कशाला, असं तुझ्या चाचीने विचारलं. विडी कामगारांच्या सभांत माझा आवाज नदीपलीकडे जातो असं लोक म्हणतात. तुझ्या बाबांसमोर तो घशाच्या वर आला नाही.

बॅडमिंटनच्या उबेर चषकाच्या संघात आमच्या नसीमची निवड झाल्याची तार आली, त्या दुपारी चाचीने गल्लीत पेढे वाटायला घेतले होते. नसीम मात्र आधी तुमच्याकडे धावली. तुम्ही दोघी शाळेपासून जोडीने खेळता, त्यामुळे एकीला तार आली म्हणजे दुसरीलाही आली असणारच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. तासाभराने ती परत आली. पेढ्यांचा पुडा तिने झाकून ठेवला आणि म्हणाली, "हेमाचं नाव नाही. मी जाणार नाही."

मी काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील. भाषण केलं. पुरुषांचा थॉमस चषक सुरू झाला तेव्हा बायकांनी गॅलरीत बसून टाळ्या वाजवायच्या होत्या. पुढे इंग्लंडच्या बेटी उबेर या खेळाडूने बायकांच्या संघांसाठी स्वतःच्या नावाचा चषक दिला आणि सत्तावन्न साली तो पहिल्यांदा खेळला गेला. त्या पहिल्याच वेळी आपल्या देशाच्या मुली तिथे होत्या. आपल्या गल्लीत तेव्हा मुलीला सातवीपुढे शिकवावं की नाही यावर भांडणं होत होती, आणि त्या मुली देशाच्या नावाने रॅकेट घेऊन उभ्या होत्या! अमेरिकेने तीनदा जिंकला, मग जपानने, मध्ये एकदा इंडोनेशियाने. ज्या खेळाला गोरे साहेब एके काळी 'पूना' म्हणत, त्या खेळात पुण्याची मुलगी देशासाठी उतरणार, आणि ती घरी बसते म्हणते? मी बराच वेळ बोललो. नसीम रॅकेटच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "भाषण छान झालं, अब्बा. पण यात हेमा कुठाय?"

मी म्हणालो, बेटी उबेरबाई स्वतः दुहेरीत नावाजलेल्या होत्या. बोलून गेल्यावर कळलं की मी तिच्याच बाजूचा मुद्दा तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "एकीला काढलं तर बाकीच्यांनी आत पाऊल टाकायचं नाही, हे कारखान्याच्या फाटकावर कोण ओरडत होतं? मी होते तिथे. गूळ-शेंगदाणे खात बसले होते." सभेत कुणी उलटून बोललं तर मी त्याला दोन वाक्यांत खाली बसवतो. इथे तर माझीच वाक्यं माझ्यासमोर उभी होती आणि ती खरी होती.

मग मी भांडायला निघालो. मुंबईला निवड समितीतल्या एका गृहस्थांना फोन लावला. मनात शब्दांची जुळवाजुळव पक्की होती. कुणीतरी पक्षपात केला असेल, कुणाची भाची घुसवली असेल, असं धरूनच मी बोलायला उभा राहिलो होतो. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "साहेब, हेमा चांगलीच खेळते. पण पूर्वी लढतीत सात सामने असायचे, त्यांत चार दुहेरीचे. यंदापासून पाच, आणि त्यांत दुहेरीचे दोनच. मोजक्या मुली न्यायच्या. एकेरी आणि दुहेरी दोन्हीकडे चालतील अशाच घ्याव्या लागतात. नसीम दोन्हीकडे चालते." मी म्हणालो, मग नसीमबरोबर दुहेरीत कोण? ते म्हणाले, "लावू कुणालातरी. सराव झाला की जमतं." हेमा, मला त्या माणसावर रागावता आलं नाही. ज्याच्यावर राग काढावा असं कुणी सापडलं नाही की माझ्यासारख्या माणसाचं काय करायचं?

जमत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. परवा सकाळी हॉलमध्ये नसीमला दुसऱ्या एका मुलीबरोबर खेळवत होते. मुलगी तयारीची होती. पण मधोमध शटलचं फूल आलं की दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि ते दोघींच्या मध्ये पडायचं. तू डावखुरी. मधलं फूल नेहमी तू घ्यायचीस आणि नसीम न बघता मागे सरकायची. त्या दिवशीही ती सवयीने मागे सरकत होती आणि पुढे कुणीच नव्हतं. खेळ संपल्यावर त्या मुलीचीच तिने माफी मागितली. मग भिंतीशी जाऊन एकटीच मारत बसली. मी बाकावर होतो. हाक मारावीशी वाटली, पण हाक मारून सांगणार काय होतो?

निवडीनंतर तू आमच्याकडे आलीस, त्या दिवसाची आठवण चाची अजून काढते. नसीमला मोज्यांची नवी जोडी आणलीस, स्वतःच्या हाताने तिच्या रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळून दिलीस. चाचीने तुला जवळ घेतलं तर म्हणालीस, "बरं झालं चाची, माझा पासपोर्टचा फोटो बघून परत पाठवलं असतं मला." सगळे हसलो. तू चहा पिऊन गेलीस. त्यानंतर तू हॉलवर आलेली नाहीस. तुझे बाबा म्हणतात घरी बसून दुकानाचे हिशेब बघते. तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि दर वेळी उत्तर आलं की मी नसीमकडे चहालाही गेलो नसतो.

त्या दिवशी तू तिचं अभिनंदन केलंस, विनोद केलेस, पण एक गोष्ट बोलली नाहीस. नसीमही ती ऐकायला थांबली होती, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. तू गेल्यावर ती बराच वेळ दाराशीच उभी होती. मी तुला दोष देत नाही. कुणाच्या तोंडून ते यावं अशी अपेक्षा करण्याचाही कुणाला हक्क नाही.

तिला शनिवारपर्यंत होकार कळवायचा आहे, नाहीतर तिच्या जागी दुसरी मुलगी जाईल. माझं ती ऐकत नाही, चाचीचं ऐकत नाही, आणि ती चूक आहे असं मला एकदाही म्हणता आलेलं नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी गप्प बसू नये, हे सांगत मी म्हातारा झालो. आज मी तुझ्याकडे, जिच्यावर अन्याय झाला तिच्याकडेच, मागायला आलो आहे. हेमा, तिला एकदा सांग, "नसीम, तू जा." मनापासून म्हणता आलं नाही तरी चालेल. तिला ते खरं वाटेल असं मात्र म्हण. माझ्या मुलीने त्या मैदानावर उतरावं असं मला फार वाटतं, आणि ते तुझ्या तोंडच्या एका वाक्याशिवाय होणार नाही. हे मागणं वाईट आहे. ते समजत असूनही मी मागतो आहे. जमलं नाही तर पत्र चुलीत घाल. रस्त्यात भेटलीस तर मी त्यावर एक अक्षर काढणार नाही, आणि तूही मला काही समजावू नकोस.

तुझाच,
मैनुद्दीनचाचा