दिल्लीला गेलेलं चाक

बा, त्या चाकाबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. आधीच सांगून टाकते, गोड बोलायला मला वेळ नाही, दुकान उघडायचं आहे.

फुलचूरच्या रस्त्यावरचं आपलं सायकल दुरुस्तीचं दुकान आठवत असेल तर तो दिवसही आठवत असेल. साऱ्या आशियाचे सायकलवाले दिल्लीत शर्यत लावणार होते आणि निवडीसाठी आपल्या गोंदियाच्या रेल्वेतला एक बाबू चालला होता. शर्यतीची बिनब्रेकची सायकल घेऊन आला. "उस्ताद, पिछला चक्का नया बांध दो." तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तू त्याला परवा ये म्हटलंस आणि चाक माझ्यापुढं सरकवलंस. सासर सोडून आल्यापासून तुझ्या पाठीमागं बसून मी तुझी चाकं बांधून राहिली होती.

सायकलच्या चिमट्याला धानाच्या तणसाची काडी बांधते, तू शिकवलीस तशी. रिम फिरवते. काडी थरथरली की तिथं रिम आउट, म्हणजे वाकडी आहे, तिथली तार चाबीनं ताणायची. मग एकेक तार बोटानं वाजवायची, सगळ्यांचा सूर एक होईपर्यंत. दोन दिवस हेच. शेवटी चाक असं फिरतं की काडी हालत नाही. बाबू येतो, फिरवून पाहतो, तुझे पाय धरतो. "क्या हाथ है उस्ताद!" आणि तू म्हणतोस, "चाळीस सालांचा हात आहे, बाबू."

तो गेल्यावर मी विचारलं, "खोटं काऊन बोललास?"

"बाईनं बांधलं म्हटलं तर तो बसंल का त्याच्यावर? चूप राह्य."

राहिली चूप. त्याच पावसाळ्यात तू गेलास. काका म्हणाला, विकून टाक, बाईजात रस्त्यावर हातोडा घेऊन बसते का. मी बसली. नऊ वर्षं बसली आहे. ज्याला माझ्या हाताची लाज वाटते त्यानं पायी जावं.

काल तो बाबू आला. पोट सुटलंय. हातात तेच चाक, रिम चेपलेली. "दिल्लीत निवड झाली, बाई. शर्यतीत जपानवाले कुठल्या कुठं निघून गेले, मी मागं. पण वळणावर चक्का जरा हिलला नाही. उस्ताद कुठं आहेत?"

"गेले. अन् ते चाक मी बांधलं होतं."

तो हसला. "मजाक मत करो, बाई."

"बसा तिथं," मी म्हटलं.

त्याच्या देखत साऱ्या तारा सोडल्या, नवी रिम घेतली, काडी बांधली. दुपार कलली तसं त्याचं हसू गेलं. शेवटी उठून काडीला डोळा लावून उभा राहिला, आणि त्यानं हात जोडले. "तो वो भी आपने ही?"

"हो." नऊ वर्षं दाबून ठेवलेला शब्द, बा. तुझ्या दुकानात, तुझ्या स्टुलावर बसून बोलली.

हे पत्र पाठवायचं कुठं? घडी करून चाबीच्या डब्यात टाकते. एकच गोष्ट त्या बाबूला दिसली नाही, तेव्हा तो बाहेर बिडी पेटवत होता. शेवटच्या तीन तारांचा सूर मला लागेना. मागं न पाहता मी चाक पाठीमागं, माझ्या जुन्या जागेकडं धरलं आणि म्हटलं, "बा, पाह्य ना जरा."