नाताळचं जेवण अजून व्हायचंय

३ डिसेंबर, बुधवार

काल डायलिसिसहून परत येताना ह्यांनी रिक्षात सांगितलं की यंदाचं नाताळचं जेवण झालं की ते पुन्हा मशीनवर जाणार नाहीत. हे कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून ही वही काढली. शाळेची उरलेली टाचण वही आहे, पहिली चार पानं सातवीच्या विज्ञानाची. ती फाडली नाहीत.

सुपडूभाऊ पुढे रिक्षा चालवत होता, म्हणून हे हळू बोलले. शब्द असे: "विमल, थकलो आता. सगळ्यांबरोबर एकदा जेवू. वाटीभर रस्सा, मापाशिवाय. मग मशीन बंद." मी म्हटलं, मफलर नीट गुंडाळा.

घरी आल्यावर वजन घेतलं. ६०.८. तक्त्यात लिहिलं.

४ डिसेंबर, गुरुवार

मंगळ-गुरू-शनि, चार-चार तास, तीन वर्षं. बंद केलं तर किती दिवस, हे डॉक्टरांना मी सुरुवातीलाच विचारून ठेवलं होतं. आठ-दहा, म्हणाले. मला सगळं आधी माहीत असलेलं बरं वाटतं. हे नसतं विचारलं तर चाललं असतं.

आज मशीनवर गेले. नेहमीसारखे गेले. सिस्टरशी थट्टासुद्धा केली.

कॅलेंडर पाहिलं. २५ ला गुरुवार.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी धुळ्याला अनिलला फोन केला. २५ ला आबांचा मशीनचा दिवस, दुपारी ते गळून पडलेले असतात, तेव्हा जेवण रविवारी, २८ ला. उपासना २५ चीच. त्याला पटलं. फक्त म्हणाला, "आई, तू आणि तारीख बदलणार?"

त्याचंही बरोबर आहे. सासऱ्यांपासून ह्या घरात नाताळचं जेवण २५ ला, उपासनेहून आल्यावर एक वाजता. सासरे स्वतः २१ डिसेंबरला गेले, त्या वर्षीही जेवण २५ लाच झालं आणि मीच रांधलं. लोक बोलले. मी ऐकून घेतलं.

ह्यांना तारीख सांगितली. "रविवारी? बरं," एवढंच म्हणाले.

तीन दिवस मिळाले.

१० डिसेंबर, बुधवार

काल मशीनवर चार तास बाहेरच्या बाकावर बसून विचार केला. भांडून पाहावं तर हे भांडत नाहीत. पाळकसाहेबांना विचारावं तर ते ह्यांच्याशी बोलायला येतील. अनिलला सांगावं तर तो सगळं टाकून धावत येईल आणि ह्यांना कळेल की मी सांगितलं. पूर्वी कुठल्याही अडचणीला मी फळ्यावर दोन रकाने आखायची. आज दोन्ही रकाने रिकामे.

पोटॅशियम जावं म्हणून भाज्या दोनदा उकळून पाणी फेकून देते. दिवसाचं पाणी मापाच्या भांड्याने. केळी घरात आणत नाही, जळगावात राहून. इतकं सगळं करून माणूस म्हणतो, थकलो. थकायला मी नव्हते का?

हे लिहिलं, पण खोडत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

धुळ्याहून विहीणबाईंचा फोन. सुनेच्या, शुभांगीच्या आई. ह्या वयात माझ्याशी कुणी दरडावून बोलत नाही, ती बोलते. जेवणाची तारीख बदलल्याचं तिला लेकीकडून कळलं होतं, नवी तारीख नाही. म्हणाली, "मार्गसीर सरना का मंग बठ्ठा येतस, तुमी फक्त दिन सांगा." मार्गशीर्षात ती मटण शिवत नाही, संपला की सगळी येतात. दरवर्षी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ तीच आणते. भाकरीही तीच थापते. माझ्या भाकरीला नावं ठेवून थापते.

मी २८ म्हणणार होते. तोंडातून निघालं, कळवते.

२२ डिसेंबर, सोमवार

अनिलला फोन केला आणि सांगितलं, २८ ला आबांना जास्तीचं डायलिसिस लावलंय, जेवण ४ जानेवारीला. ह्यांना सांगितलं, अनिलला २८ ला सुट्टी नाही.

दोघांना दोन वेगळ्या गोष्टी. एकतीस वर्षं हजेरीपटात एक खोटा 'ह' मांडला नाही. आज चहा ठेवता ठेवता दोन मांडले.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. सातला मशीन लावलं. एका सिस्टरने डोक्याला लाल टोपी घातली होती, सुई टोचताना ती तिच्या डोळ्यांवर घसरली. हे हसले.

उपासनेला मी गेले नाही. घंटा बाकावरून ऐकू आली. आली असं वाटलं.

डब्यात एक करंजी नेली होती. ह्यांनी निम्मी खाल्ली, निम्मी शेजारच्या खाटेवर दिली. घरी आल्यावर भात आणि उकळलेला दुधी. मी प्रार्थनेसाठी हात जोडले तर म्हणाले, "हे नाताळचं जेवण नाही हं. हे धरायचं नाही."

मी म्हटलं, नाही धरत.

दुपारभर त्यावर विचार करते आहे. कुणासाठी धरायचं नाही? माझ्यासाठी, की त्यांनाही ते धरलं जायला नको होतं? विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल.

२८ डिसेंबर, रविवार

आज व्हायचं होतं. ह्यांनी स्वच्छ दाढी केली. का केली? मी स्वयंपाकघर धुवून काढलं, डबे घासले, काम नव्हतं तरी.

सुपडूभाऊ असोद्याहून भरताची वांगी घेऊन दारात. मी आठवड्यापूर्वी सांगून ठेवली होती, नको म्हणायचं विसरले. "अक्का, पाव्हणे कुठी हायेत?" म्हणाला. पुढच्या रविवारी येणार म्हटलं. "मंग वांगे आजच कावून आणाले लावले?" बरोबर आहे त्याचं. निम्मी त्यालाच परत दिली. उरलेल्यांचं भरीत केलं, मी एकटीने खाल्लं. ह्यांना वांग्याचा वास गेला असणार. खोलीतून खोकले फक्त.

वजन ६१.९. पायावर बोट दाबलं तर खळगा राहतो.

२ जानेवारी, शुक्रवार

४ तारीख रविवारी येते आहे, आणि मला कारण सापडत नाही. औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणलं. उजव्या मनगटाला बांधलं. मोरीत घसरले, मनगट मुरगळलं, असं सांगितलं. ह्यांना, अनिलला, शुभांगीला. पंधरा जणांचा स्वयंपाक ह्या हाताने होणार नाही. ११ ला करू.

शुभांगी म्हणाली, "आई, मी येऊन करते, तुम्ही नुसत्या बसून सांगा." गुणी मुलगी. तिला मी जवळजवळ रागावूनच नाही म्हटलं.

मागून विहीणबाईंचा आवाज फोनवर आला, "आते संक्रांतनं जेवन देतस का नाताळनं?"

अडुसष्ट वर्षांची बाई, बी.एस्सी., हाताला खोटी पट्टी बांधून बसली आहे.

४ जानेवारी, रविवार

सकाळी ह्यांचं वजन घेतलं. ६१.२. तक्त्यात लिहिलं. नाश्त्यानंतर हे तक्ता हातात घेऊन बसले, चष्मा लावून, बराच वेळ.

"मुरगळलेल्या हाताचं अक्षर छान आलंय," म्हणाले.

शुक्रवारपासूनचे तिन्ही आकडे माझ्याच उजव्या हाताचे. एकसारखे, ओळीवर. लिहिताना पट्टी बोटांना नडते म्हणून मी ती काढायची आणि लिहून झालं की परत बांधायची. सुंदर अक्षराचा आयुष्यभर गर्व केला.

मी पट्टी सोडली. गुंडाळून ठेवली. हे ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. जळगाव एस.टी. स्टँडवर हे वाहतूक नियंत्रक होते, त्या आवाजात बोलले, सावकाश. "तीस वर्षं फळ्यावरच्या वेळा खोडून नव्या लिहिल्या मी. एकदा खोडली तर माणसं वाट पाहतात. दोनदा खोडली तर चिडतात. तिसऱ्यांदा खोडली की बाकावरून उठून जातात, विमल. गाडी नाही, हे त्यांना कळतं."

"मग मी काय करू?"

"गाडी सोड."

तेव्हा मी बोलले. जे ह्या वहीतही लिहिलं नव्हतं ते. म्हटलं, मला ह्या घरात एकटीला राहता येणार नाही. मला भीती वाटते. सकाळी उठून कुणाचं वजन घेऊ.

ह्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "हे तीन वर्षांत एकदाही नाही बोललीस. वजन बोललीस, पाणी बोललीस, पोटॅशियम बोललीस."

मग तक्ता खिळ्याला लावला आणि म्हणाले, "अकरा तारीख. आता मी सांगतोय."

कॅलेंडरवर लिहून घेतली. मागे टांगलेल्या जुन्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान उलटून पाहिलं. २५ खोडलेली, २८ खोडलेली. माझीच पेन्सिल.

६ जानेवारी, मंगळवार

मशीनवर गेले. परतताना रिक्षात काही बोलले नाहीत. मीही नाही. सुपडूभाऊला वाटलं, भांडण झालंय. उगाच कापसाचं बोलत राहिला.

७ जानेवारी, बुधवार

अनिलला सगळं सांगितलं. फोनवर, उभ्याने, हे अंघोळीला गेले असताना. त्या दिवशी रिक्षात काय म्हणाले, मी तारखा का हलवल्या, पट्टी. तो खुर्ची सरकवून बाहेर आल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "आई, एवढं सगळं तू एकटीने..." वाक्य पुरं केलं नाही. मी म्हटलं, रडू नकोस, ऑफिसात आहेस.

९ जानेवारी, शुक्रवार

अनिल एकटाच आला, सकाळच्या धुळे गाडीने. मला वाटलं बापाला समजावेल. त्याने ह्यांना रिक्षातून स्टँडवर नेलं. दोघं दोन तास तिथल्या बाकावर बसून आले. ह्यांच्या वेळची काही माणसं अजून आहेत, त्यांनी चहा पाजला म्हणे. ह्यांनी दोन घोट घेतले, अनिलने मोजून मला सांगितलं.

बोलणं काय झालं, दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. अनिलचे डोळे लाल होते. ह्यांचे नाही.

जाताना माझ्या कानात म्हणाला, "आई, विचारू नकोस त्यांना. त्यांनाच माहीत नाही अजून."

११ जानेवारी, रविवार

झालं.

सकाळी सहाला कांदा-खोबरं भाजायला घेतलं. शुभांगी आणि विहीणबाई नऊच्या आत हजर, पीठ घेऊन. विहीणबाईंनी माझा हात धरून मनगट दाबून पाहिलं, दुखतं का विचारलं. नाही म्हटलं. "मंग चांगलं व्हयनं," म्हणाली आणि परातीकडे वळली. मला वाटतं तिला कळलं असावं.

काळा मसाला, मटण, कळण्याच्या भाकरी, भरीत. सुपडूभाऊने वांगी पुन्हा आणली, ह्या वेळी आधी तीनदा फोन करून. त्यालाही जेवायला बसवलं.

एक वाजता बसलो. ह्यांची प्रार्थना एरवी लांब असते, भाकरी निवते. आज एवढीच: "प्रभू, यंदा उशीर झाला, क्षमा कर. ह्या अन्नासाठी तुझे उपकार. विमलचा हात बरा कर. आमेन."

शुभांगी हसली, नात हसली. अनिल खाली पाहत होता. विहीणबाईंनी मोठ्याने आमेन म्हटलं.

रस्सा मी वाढला. मोठी वाटी, काठोकाठ. माप शेल्फवर पालथं होतं. हे घोट घोट प्यायले. नाक पुसलं. सगळं तिखट आहे म्हणाले आणि हसले. पाऊण वाटी झाली तेव्हा वाटी खाली ठेवली. मी वाट पाहिली. पुन्हा उचलली नाही.

पोट भरलं म्हणून, की? वाटी घासताना तळाचा रस्सा ओतून द्यायला माझा हात होईना. भाकरीच्या तुकड्याने पुसून मीच खाल्ला.

सगळी चारला निघाली. नातीला ह्यांनी पुढच्या नाताळला काय हवं ते विचारलं नाही. दरवर्षी विचारतात.

१२ जानेवारी, सोमवार

वजन ६३.१. धाप लागते आहे, दोन उशा घेतल्या. तक्त्यात आकडा लिहिला. हे पाहत होते.

काही विचारलं नाही. अनिलने सांगितलं आहे म्हणून नाही. पट्टीची लाज अजून गेली नाही म्हणून.

दुपारी माझ्याकडे पाहून म्हणाले, "बस ना जरा." बसले. मी त्यांचा हात हातात घेतला, डावा, सुयांच्या जागेचा. तिथे बोट ठेवलं की आत रक्त मशीनसारखं घरघरतं. अर्धा तास तसंच. शाळा, घर, चर्च, इतक्या वर्षांत मी दुपारी अर्धा तास नुसती बसलेली नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

सव्वासहा. सुपडूभाऊने दारात रिक्षा उभी करून हॉर्न दिला. दिला एकदाच, मग स्वतः उतरून फाटकाशी उभा राहिला.

मी पिशवी काल भरली नव्हती. सकाळी भरली. नेहमी सवयीने भरते, आज एकेक वस्तू पाहून भरली. हे ओट्यावर येऊन बसले. मी पिशवी पुढे केली.

मी त्यांच्याकडे दिलं: मशीनची फाईल. जाड चादर. डाव्या बाहीला बटणं लावलेला स्वेटर. वजनाचा तक्ता, कालच्या आकड्यासह. रुमाल. एक छोटा डबा रस्सा, त्या टोपीवाल्या सिस्टरसाठी.

त्यांनी माझ्याकडे दिलं: मनगटी घड्याळ. एरवी वॉर्डच्या दाराशी काढून देतात, आज ओट्यावरच दिलं. चष्म्याचं घर, रिकामं. डिसेंबरचं पान, जुन्या कॅलेंडरवरून फाडलेलं, चार घड्या घातलेलं.

पिशवी त्यांनी उजव्या हातात घेतली आहे. अजून उठलेले नाहीत. एक चप्पल पायात आहे, दुसरी मी पुढे सरकवून ठेवली आहे.