शिकाऊ गाडीचा पट्टा

४ मार्च, सोमवार

गाडी बसली! तीही चढावर, ऐन गर्दीत. गोगलगाय चालवत होती – म्हणजे माझ्या ड्रायव्हिंग क्लासची सध्याची विद्यार्थिनी, रुग्णालयात नर्स आहे. कामात वाघीण, पण गाडी रांगवते, म्हणून हे नाव मी मनात ठेवलंय. इंजिनाने हूं की चूं केलं नाही, एकदम गप्प. तिने मी शिकवलेलंच केलं – "बंद पडली तर घाबरायचं नाही, परत सेल्फ मारायचा." मारला. परत मारला. मारतच राहिली, आणि मी शेजारी बसून "शाब्बास, शांतपणे" म्हणतेय! सेल्फ नुसताच हलका हलका फिरत होता. मागचा ट्रक हॉर्न बडवत जवळजवळ टेकलाच. शिकवणारीसाठी माझ्या बाजूला वेगळा ब्रेक आहे, त्यावर मी उभीच होते म्हणा ना.

मला काही झालं नाही. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायले, एवढंच.

५ मार्च

टायमिंग बेल्ट तुटला. मेकॅनिक सांगत होता – हा पट्टा इंजिनातल्या वरच्या-खालच्या भागांना एका तालात ठेवतो. तो तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग म्हणाला, "नंतर सेल्फ किती वेळा मारला?" मी बोटं मोजायला लागले. त्याने कपाळाला हात लावला. "अहो मॅडम! तिथेच थांबला असतात तर कदाचित थोडक्यात भागलं असतं."

पट्टा कधी बदलला होता? कधीच नाही. म्हटलं, किलोमीटर कुठे झालेत एवढे? तो हसला. "गाडी पळाली नाही, पण इंजिन किती तास चाललंय?" खरंच की. इतकी वर्षं मैदानात पहिल्या गिअरमध्ये चकरा! क्लच प्लेटा बदलत राहिले, पट्ट्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि मी म्हणे दुसऱ्यांना शिकवते.

६ मार्च

घरात एकमत झालं. माझ्याशिवाय. हे म्हणाले, "भंगारात दे. एवढा दुरुस्तीचा खर्च करण्याइतकी तिची किंमत उरली नाही." भाऊजी तर टपूनच बसले होते – "वहिनी, माझ्या ऑफिसात या. दहा ते पाच, पंख्याखाली बसून काम." दीर माझे चांगले आहेत, वाईट काहीच नाही. पण पंख्याखाली बसून मी काय करू, वारा खाऊ?

ही गाडी गेली की माझा क्लास गेला. दुसरी घेणं झेपायचं नाही, आणि तिला माझ्या बाजूचे ब्रेक-क्लच बसवून घेणं वेगळंच. इतक्या बायकांना रस्त्यावर आणलं, आता मीच घरी बसायचं? भयंकर चिडलेय. राग भाजीवर निघाला. सगळ्यांनी पाणी पीत पीत खाल्ली.

७ मार्च

गोगलगायीचा फोन. रडत होती. "मॅडम, माझ्यामुळे झालं ना?"

म्हटलं, अगं, सांगितलं तेवढंच केलंस. माझं इतकं ऐकणारी तूच पहिली! तेव्हा कुठे हसली. मग म्हणते, "मी थांबते. दुसरीकडे नाही शिकणार. तिथे ओरडतात."

बरं वाटलं. फार बरं वाटलं.

९ मार्च

ठरलं! दुरुस्तच करायची. इंजिनाचं हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, काय करायचं ते करा.

मेकॅनिक – "परत एकदा विचार करा."

"केला."

"साहेबांना विचारलंत?"

"गाडी साहेबांची नाही."

यांना सांगितलं. पेपर खाली ठेवून म्हणाले, "तू कुणाचं ऐकणार आहेस का?" नाही म्हटलं. "मग चहा तरी मीच टाकतो," म्हणाले. साखर दुप्पट घातली. प्यायले.

१२ मार्च

गॅरेजमध्ये जाऊन बघून आले. इंजिन उघडं पडलं होतं. पण माघार नाही.

१६ मार्च

आली! आवाज कसा छान येतोय. हेसुद्धा खाली उतरून बॉनेटवर थाप मारून गेले, कुणी बघत नाही असं समजून. भाऊजींना फोन केला – पंखा बंद करा म्हटलं. तेही हसले.

क्लासचा नियम बदलला. गाडी अचानक बंद पडली तर आधी मला विचारायचं. मगच सेल्फला हात.

१८ मार्च

पहिला धडा. मीच म्हटलं, त्याच चढावरून जाऊ. मागे ट्रक आला. गोगलगाय म्हणाली, "मॅडम, रेस देतेय, पण गाडी हलतच नाही. परत बिघडली का?"

गाडीला काही झालं नव्हतं. मी खाली पाहिलं. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर होता, पुरता दाबलेला. काढायचा म्हटलं तरी निघेना.