तुमच्याकडचं की बाबांकडचं

मंगळवार, ९ मार्च

ती. काका,

नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण या खोलीत तीन खाटा आहेत आणि मधल्या जागेत आमचे कपडे वाळताहेत. तेव्हा उभ्यानंच मानून घ्या.

मी मजेत आहे. काकूला सांगा, खोकला गेला. खोलीतली एक मुलगी झोपेत गणितं सोडवते आणि दुसरी दिवसाही सोडवत नाही. मला आता दोघींची सवय झालीय. तुम्ही दिलेला पाना हॉस्टेलभर फिरतोय. नळ, खुर्च्या, सायकली, सगळ्याला तोच. परवा वॉर्डनबाईसुद्धा मागायला आल्या, त्यामुळे माझा भाव चांगलाच वधारलाय.

फोन सोडून हे पत्र कशाला, म्हणाल. फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता? "काय गं, घेतलंस ना मेकॅनिकल?" असं विचारता आणि उत्तर यायच्या आत काकूला ओरडून सांगता, "घेतलं म्हणते!" कागदावर तरी तुम्हाला मधे तोंड घालता येणार नाही.

तर कॉलेजचं. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं, शाखा आता निवडायची. वर्गातल्या कितीजणांना मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलमध्ये फरक काय हेच कळत नाही. मी म्हटलं, आमच्या घरी या, लिफ्टदुरुस्तीचा धंदा आहे. लिफ्ट बंद पडली की एक भाऊ म्हणतो, "पॅनेल बघ तुझं," आणि दुसरा म्हणतो, "ब्रेक बघ तुझा." मोटर, ब्रेक, दोर म्हणजे काका, वायरिंग आणि पॅनेल म्हणजे बाबा, आणि हे सगळं गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. बिघाड ज्याच्याकडचा निघेल त्यानं हत्यारांची पेटी घेऊन जिन्यानं उतरायचं, दुसऱ्यानं दुरुस्त झालेल्या लिफ्टमधून थाटात. मुली हसून लोळल्या. एकीनं विचारलं, "मग तू कुणाबरोबर उतरायचीस?" म्हटलं, जो हरला त्याच्याबरोबर. त्याची कुरकुर ऐकायला कुणीतरी लागायचंच.

मागच्या सुट्टीतली दवाखान्याची लिफ्ट आठवते? मजल्याच्या चार बोटं वर थांबायची, चाकाची खुर्ची बाहेर निघेना. तुम्ही ब्रेक उघडून झिजलेलं अस्तर मला दाखवत होतात, किती जीव लावून. मी टॉर्च धरला होता आणि तुम्ही सारखे ओरडत होतात, "अगं उजेड इकडे! तिकडे काय बघतेस?"

काका, तिकडे बाबांनी पॅनेल उघडून आतला वायरिंगचा नकाशा पसरला होता. कुठली वायर कुठून निघते, मजला आला हे मोटरला कोण सांगतं, दार उघडं असेल तर तिला कोण अडवतं. मी एकेका रेघेमागं मनातल्या मनात धावत होते आणि माझ्याबरोबर टॉर्चही तिकडेच जात होता. त्या दिवशी बिघाड तुमच्याकडचा निघाला. जिन्यात तुम्ही म्हणालात, "तू इंजिनिअर झालीस की ही पेटी तुझी." मी हो म्हटलं. तुमचा चेहरा इतका खुलला होता की दुसरं काही तोंडातून निघेना.

मी इलेक्ट्रिकल घेतलंय. शुक्रवारी कॉलेजला कळवूनही टाकलं.

पत्र खाली ठेवू नका. बाबांनी फितवलं असं तर मुळीच म्हणू नका. गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला होता. "मेकॅनिकल घे," म्हणाले. मला वाटलं चेष्टा करताहेत. तर म्हणाले, "त्याला मूलबाळ नाही गं. माझी तू आहेसच, काहीही शिकलीस तरी. पण तू त्याच्या कामात उतरलीस तर गडी म्हातारा व्हायचा विसरेल." मग घसा खाकरून, "त्याला बोलू नकोस, डोक्यावर बसेल."

मी बोलले. आता खुशाल बसा डोक्यावर.

फोन ठेवून मी रडले. मेकॅनिकलच घ्यायचं असं ठरवूनही टाकलं. पण काका, जीव नसलेलं काम मी केलं असतं, तर ते आधी तुम्हीच पकडलं असतं. सैल राहिलेला बोल्ट तुम्हाला लांबून दिसतो, मी काय लपणार? मला ते पॅनेल आवडतं. तुमच्यावर माझी माया आहे ती आहेच, तिला शाखा लागत नाही.

आणखी एक, जे बाबा तुम्हाला सांगणार नाहीत आणि तुम्ही त्यांना विचारणार नाही. त्यांचे गुडघे आता वरच्या मशीनरूमपर्यंत साथ देत नाहीत. हल्ली ते मधल्या जिन्यावर बसून राहतात, तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी पॅनेलपाशी उभं करता आणि त्याच्याशी एक अक्षर भांडत नाही. त्याच सुट्टीच्या शेवटी तुम्हाला असं गप्प काम करताना मी पाहिलंय. मी तुमची शिष्या झाले असते तर जन्मभर तुमच्या होला हो म्हटलं असतं. तुम्हीच शिकवलेली मी, तुमची चूक कुठल्या तोंडानं काढणार? बाबा हळूहळू खालीच थांबणार आहेत, काका. वर तुमच्यासमोर कुणीतरी उभं राहायला हवं, जे तुम्हाला घाबरत नाही आणि ज्याच्यावर तुम्ही पोटभर ओरडू शकता.

तुमच्यानंतर कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तुम्ही आहात तोवर तुमच्याशी भांडायला घरचं माणूस कमी पडणार नाही, एवढा शब्द देते.

रागवा, पण बोलणं सोडू नका.

तुमचीच, पण समोरच्या बाजूची,
ठमी