गुळगुळीत घासलेल्या जोडाबाबत

प्रति,
अधीक्षक साहेब,
सार्वजनिक रोपवाटिका (कार्यशाळा विभाग)

विषय : ट्रॅक्टरचा काटा तुटण्यास चालक नव्हे, तो बनवणारा वेल्डर जबाबदार असल्याची नोंद करून चालकास कामावर परत घेणेबाबत.
संदर्भ : १) चालकाच्या निलंबनाचा आदेश. २) अर्जदाराचा चौकशीतील जबाब, जो खोटा आहे.

माननीय साहेब,

१. अर्जदार आपल्या कार्यशाळेत सोळा वर्षे वेल्डर आहे. निलंबित चालक हा त्याच्या पत्नीचा धाकटा भाऊ. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत आहे, तीही पातळ.

२. फोर्कलिफ्ट चिखलात रुतते, म्हणून रोपांची पॅलेट उचलायला ट्रॅक्टरच्या मागे, नांगर जोडतात त्या थ्री-पॉइंटवर बसतील असे दोन काटे इथेच बनवायचे ठरले. अर्जदाराने भंगारातल्या लोखंडी चॅनेलची चौकट केली आणि तिला जाड चौकोनी पाइपचे काटे जोडले. चाचणीसाठी अर्जदार, दोन माळी आणि भरलेला ड्रम असे सगळे काट्यांच्या टोकांवर चढले. काटे हलले नाहीत. तसा कागद आपल्याकडे आहे आणि तो खरा आहे.

३. कागदात नाही ते असे. चाचणीनंतर समजले की उद्या आपण स्वतः पाहायला येणार. जोड मजबूत होता, पण दिसायला ओबडधोबड. अर्जदार ग्राइंडर घेऊन बसला आणि जोड पार पाइपच्या पातळीला येईपर्यंत घासला. वर लांबी, म्हणजे पुट्टी भरली, पिवळा रंग मारला. जोडाला धरून ठेवणारा धातू भुकटी होऊन फरशीवर पडला होता, हे त्याला तेव्हाही कळत होते. दुसऱ्या कोणी असे केले असते तर अर्जदाराने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आपण आलात, काट्यांवरून हात फिरवलात, "कंपनीचा माल वाटतो" म्हणालात. अर्जदार दोन दिवस फुगून हिंडला.

४. काटे वापरात आल्यावर अकराव्या दिवशी डावा काटा जोडातून सुटला. पॅलेट कलंडले आणि शेजारी उभ्या असलेल्या, रोपवाटिकेतल्या वयस्कर माळीकाकांच्या नडगीचे हाड मोडले. चौकशीत जोडाविषयी विचारले तेव्हा अर्जदार एवढेच म्हणाला, "चाचणी झालेली आहे, साहेब." त्यावरून चालकाने काटे उचलायचा लिव्हर झटक्यात ओढला असे ठरले. अर्जदार मान खाली घालून उभा होता. आपल्याला ते दुःख वाटले असावे.

५. तरी अर्जदाराचा जबाब नव्याने घ्यावा. मात्र त्या वेळी चालक हजर नसावा. बदललेली नोंद त्याला टपालाने कळवावी. दोन्ही दारे शेजारी आहेत याची अर्जदाराला कल्पना आहे.

६. इथवर लिहून झाले आणि चालकच घरी आला. अर्जदाराने कागद पालथा घातला. चालक रोज सकाळी लवकर माळीकाकांना पट्टी बदलायला घेऊन जातो, आजही तिकडूनच आला होता. त्याला साहेबांच्या नावे माफीनामा लिहून हवा आहे. म्हणाला, "भाऊजी, आता मलाच वाटायला लागलंय, झटका माझ्याच हातून बसला असणार. तुम्ही केलेला जोड आपोआप कशाला सुटेल? तसंच लिहा." पत्नी आतून म्हणाली, "लिहा की, तुम्हाला काय जड आहे त्यात."

७. चालक या क्षणी समोर बसला आहे. हा त्याचाच माफीनामा चालला आहे अशी त्याची समजूत आहे, आणि मध्येच तो 'फार कडक लिहू नका' असे सुचवतो आहे. सबब परिच्छेद ५ मधील त्याच्या गैरहजेरीची विनंती अर्जदार मागे घेत आहे. सही करून अर्जदार हा कागद त्याला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवील. त्याची साक्षीदार म्हणून सही खाली नसेल, तर त्याने ती दिली नाही असे समजावे आणि त्याबद्दल त्याला काही विचारू नये.

आपल्या कार्यशाळेतील,
(सही)
वेल्डर, चालकाच्या बहिणीचा नवरा
दिनांक : १९, कामावर निघण्यापूर्वी

सोबत : उजवा काटा, न तुटलेला. जोडावरचा रंग खरवडला आहे.

वाचून दाखवल्याची साक्ष : ____________